विश्रामबागेत कोण कोण राहून गेलं?

मुलांनो, पुण्यात तुळशीबागेत आईचा हात धरून कधी खरेदीला आला असाल, तर हा वाडा तुम्ही नक्की पाहिलाय. पाहिलाय म्हणजे त्याच्यासमोरून गेलायत! थोरल्या बाजीराव रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, दुचाक्यांची गर्दी, आणि त्या सगळ्या गोंगाटाला एका बाजूला ठेवून उभा असलेला तपकिरी रंगाचा लांबलचक लाकडी वाडा. तोच विश्रामबागवाडा.

मी पुण्याच्या पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. दरवर्षी परिसरभेटीला आमच्या वर्गाची रांग या वाड्याकडे निघते. शनिवारवाडा का नाही, असं पालक विचारतात. शनिवारवाडाही दाखवतेच. पण तिथे तट आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाजा आहे, आणि आत गेलं की उरलेत ते नुसते चौथरे. राहण्याचा वाडा कसा असतो ते मुलांना बोटानं दाखवायचं असेल, तर विश्रामबागच बरी.

आधी बाहेरूनच पाहू या. दर्शनी भागातले खांब सागवानाचे आहेत. खाली फुगीर घडा, त्यातून वर निमुळतं होत गेलेलं अंग आणि अंगावर उभ्या पन्हाळी. याला सुरूचा खांब म्हणतात, कारण त्याचा आकार सुरूच्या झाडासारखा असतो. खांबाच्या माथ्यावर, जिथे कमानी येऊन टेकतात, तिथे मान वर करून बघायचं. मग लाकडात कोरलेली केळफुलं दिसतात. होय, आपण भाजी करतो तीच! केळीच्या लोंगराच्या टोकाला लोंबतं ना, अगदी तसंच. पेशवाईच्या शेवटच्या काळातल्या वाड्यांमध्ये सुरूचा खांब आणि केळफूल ही जोडी ठरलेलीच. मधल्या दरवाजावर पुढे आलेला जो नक्षीदार सज्जा आहे त्याला मेघडंबरी म्हणतात. शब्द किती छान आहे बघा. एकदा नुसता मोठ्यानं म्हणून पाहा.

आता खाली बघा. खांब थेट जमिनीत रोवलेला नाही. त्याच्याखाली दगडाची बैठक असते, तिला तळखडा म्हणतात. लाकूड मातीत गेलं तर ओल धरतं, वाळवी लागते आणि दहा-वीस पावसाळ्यांत खांब खालून कुजतो. तळखड्यावर उभा केला की पाय कोरडे राहतात. जुन्या वाड्यात सगळा भार या खांबांवर आणि त्यांच्या डोक्यावरच्या तुळयांवर असतो. मधल्या पुष्कळशा भिंती नुसत्या आडोशाला भरलेल्या. म्हणजे तुमच्या अंगात जसा हाडांचा सांगाडा, तसा वाड्याला लाकडाचा. हे फळ्यावर कितीही चित्रं काढून सांगितलं तरी कळत नाही, आणि तळखड्यावर हात ठेवला की लगेच कळतं.

आत चौक आहेत. एक ओलांडला की दुसरा, मग तिसरा. चौक म्हणजे घराच्या मध्यभागी उघडं ठेवलेलं आकाश. चारी बाजूंच्या खोल्यांना उजेड आणि वारा त्याच्यातूनच मिळतो. विजेचा दिवा नव्हता, पंखा नव्हता, तेव्हा हाच दिवा आणि हाच पंखा. वरच्या मजल्यावर दिवाणखाना. तिथे लाकडी छतावरही कोरीव काम आहे, पण ते बघताना चौथीच्या मुलांच्या माना दुखतात. मग ती सरळ जमिनीवर उताणी पडून बघतात. मला विचाराल तर छत बघायची तीच खरी पद्धत आहे.

वाडा बांधला दुसऱ्या बाजीरावानं. ‘विश्रामबाग’ हे नाव ऐकून आमच्या वर्गातल्या एकानं विचारलं होतं, “बाई, त्याला रोजच सुट्टी असायची का?” प्रश्न अगदीच काही चुकीचा नाही! हा बाजीराव म्हणजे राघोबादादांचा मुलगा. १७९६ साली पेशवा झाला. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा बाजीराव पुणं सोडून निघाला तो वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यानं तिथे तह केला आणि १८०३ मध्ये इंग्रजांच्या फौजेच्या सोबतीनं पुण्यात परत आला. गादी मिळाली, पण तिच्यावर बसवणारा हात दुसऱ्याचा होता.

परत आल्यावर त्यानं पुण्यात वाडे बांधायला काढले. शनिवारवाड्यात राहणं त्याला आवडत नसे असं सांगतात. ते खरंही वाटतं, कारण त्याच वाड्यात १७७३ साली नारायणरावांचा खून झाला होता आणि बोट दाखवलं जात होतं ते राघोबादादांकडे. वडिलांच्या नावाला चिकटलेली अशी गोष्ट ज्या भिंतींना ठाऊक आहे, तिथे कोणाला झोप लागेल? विश्रामबाग जिथे आहे तिथे पूर्वी सरदार हरिपंत फडके यांची बाग होती. ती जागा घेऊन वाड्याचं काम सुरू झालं आणि ते पाच-सहा वर्षं चाललं. खर्च सुमारे दोन लाख रुपये. घर केवढं म्हणाल, तर सुमारे २०,००० चौरस फूट. आमच्या वर्गात एका मुलानं हिशेब केला, त्यांच्या घराएवढी पन्नास घरं!

बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई. पुस्तकात तिच्याबद्दल ओळ-दोन ओळी असतात. पण एवढ्या मोठ्या घरात फक्त राजा-राणी थोडीच राहतात? पाणी भरणारे असतील, दिवे लावणारे असतील, चौक झाडणाऱ्या बाया, मुदपाकखान्यात धुरानं डोळे चोळणारे आचारी, दाराशी पहारेकरी. वाड्यातल्या अरुंद जिन्यांच्या दगडी पायऱ्यांवर सगळ्यात जास्त पावलं त्यांचीच पडली असणार. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. मी मुलांना सांगते, जिन्यावर चढताना एकदा त्यांचा विचार करा आणि भिंतीला हात लावून चढा, पडाल नाहीतर.

ही सगळी हौस आठ-दहा वर्षंच टिकली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, बाजीराव हरला. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. बाजीराव फौजेसह रानोमाळ पळत राहिला आणि जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याआधीच्या महिन्यात रायगड पडला, तेव्हा वाराणसीबाई रायगडावर होती. शिवाजी महाराजांच्या राजधानीत पेशव्यांची राणी, आणि खालून इंग्रजांच्या तोफा! बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचा तनखा देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला पाठवलं. तो तिथेच १८५१ मध्ये वारला. विश्रामबाग त्याला पुन्हा दिसली नाही.

रिकाम्या वाड्याचं पुढे काय होतं? दोन गोष्टी होऊ शकतात. शनिवारवाड्याला १८२८ मध्ये आग लागली, सात दिवस जळत होता. विश्रामबागेत मात्र त्याच्या आधीच शाळा भरायला लागली होती.

६ ऑक्टोबर १८२१ ला इंग्रज सरकारनं इथे संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे दर श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत असत. तो पैसा एकदम बंद केला तर लोक बिथरतील हे कमिशनर चॅप्लिन आणि मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांना कळत होतं. म्हणून दक्षिणेच्या रकमेतला काही भाग पाठशाळेकडे वळवला. व्याकरण, न्याय, ज्योतिष, वैद्यक असे विषय. विद्यार्थी सुरुवातीला फक्त ब्राह्मण मुलगे. जिथे पेशवा लोडाला टेकून बसायचा तिथे पोरं मांडी घालून पाठांतर करायला लागली. दिवाणखान्याचा वर्ग झाला!

या पाठशाळेवर पुढे मेजर थॉमस कँडी नावाचे साहेब आले. नावावरून हसू नका, खाऊशी संबंध नाही. मोल्सवर्थसाहेबांच्या मोठ्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात यांनी खूप मदत केली. आणि दुसरं एक काम केलं त्याबद्दल तुम्ही त्यांच्यावर रागावण्याचा संभव आहे. पूर्वी मराठीत आजच्यासारखा स्वल्पविराम नव्हता, अर्धविराम नव्हता, प्रश्नचिन्हही नव्हतं. ही चिन्हं मराठीत कशी वापरायची यावर कँडीसाहेबांनी १८५० मध्ये पुस्तकच लिहिलं. परीक्षेत ‘योग्य विरामचिन्हे द्या’ हा प्रश्न आला की आता कोणाची आठवण काढायची ते कळलं ना?

कँडीसाहेबांच्या हाताखाली तयार झालेले कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. ‘अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला त्यांनीच सुरुवात केली. अल्लाउद्दीन आणि सिंदबाद आपल्याकडे मराठी बोलत आले ते अशा वाटेनं.

गेल्या वर्षी मी ही सगळी हकीकत वाड्यासमोर उभी राहून सांगत होते. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी म्हणाली, “बाई, पेशवे राहिले, शास्त्री राहिले, साहेब राहिले. शिकायला मुली कधी आल्या?”

मी शिक्षिका. माझी आई चौथीपर्यंत शिकली आणि तिला शाळेतून काढलं, कारण धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं होतं. अजून ती किराणा सामानाची यादी करते तेव्हा तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख येतं. त्यामुळे त्या मुलीचा प्रश्न मला चांगलाच लागला. आणि उत्तर माझ्याजवळ होतं, त्याचा आनंदही झाला.

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. विश्रामबागेतून रमतगमत चालत गेलं तरी दहा-बारा मिनिटांत पोचाल एवढ्या अंतरावर. सावित्रीबाईंना रस्त्यानं जाताना काय सोसावं लागलं ते तुम्ही धड्यात वाचलंय. तरी शाळा वाढल्या. एकीच्या तीन झाल्या. आणि १६ नोव्हेंबर १८५२ ला या विश्रामबागवाड्यात सभा भरली. सरकारच्या वतीनं मेजर कँडी यांनी जोतीरावांना शालजोडी देऊन त्यांचा सत्कार केला. ज्या पाठशाळेत जोतीरावांसारख्या माळ्याच्या मुलाला विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नसता, त्याच वाड्यात! तेव्हा त्यांचं वय जेमतेम २५ वर्षांचं.

पण मला त्याहून आवडतो तो पुढचा प्रसंग. तोवर पाठशाळेचं १८५१ मध्ये पूना कॉलेज झालं होतं. १८५३ च्या फेब्रुवारीत या कॉलेजच्या आवारात मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली. त्या काळी परीक्षा म्हणजे बाकावर बसून पेपर लिहायचा नाही. सगळ्यांच्या देखत उभं राहून तोंडी उत्तरं द्यायची. परीक्षेला बसल्या होत्या २३७ मुली. आणि बघायला किती माणसं जमावीत? तीन हजारांच्या आसपास! कोणी कौतुकानं आले असतील, कोणी नुसती गंमत बघायला, कोणी नाकं मुरडायलासुद्धा. कल्पना करा, परकर-पोलकं घातलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, समोर पागोट्यांचा समुद्र, आणि साहेब विचारतायत. घशाला कोरड पडली असेल. पण उत्तरं दिली त्यांनी.

हे ऐकल्यावर ती प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग शेजारणीला म्हणाली, “आपल्या शाळेत पण एवढ्या मुली असतील ना गं?” दुसऱ्या दिवशी दोघींनी वर्गावर्गात जाऊन मोजणी केली. आमच्या शाळेत २११ निघाल्या. मोजायला गेल्या म्हणून दोघींचा गणिताचा तास बुडाला. मी काही बोलले नाही.

भिडेवाडा आता नाही. मोडकळीला आलेली ती इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. म्हणून तर विश्रामबागेच्या या खांबांकडे मी जरा जास्त मायेनं बघते. त्या मुलींनी पाहिलं ते डोळ्यांनी बघायला अजून शिल्लक आहे, सगळं नाही तरी काही.

सगळं का नाही, तेही सांगते. कॉलेजला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज असं नाव मिळालं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याला नव्या दगडी इमारतीत गेलं. वाड्यात सरकारी कामं चालू राहिली. मग १३ मे १८७९ ची रात्र आली. बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्हींना एकाच रात्री आगी लागल्या. बुधवारवाडा पार जळून गेला. विश्रामबागेचा एक भाग जळाला.

ते वर्ष वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचं. सरकारला जिकडेतिकडे बंडवाले दिसत होते. आग त्यांनीच लावली अशी कुजबूज सुरू झाली. संशय कुठवर जावा? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांपर्यंत! त्यांची धुळ्याला बदली झाली, त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. आणि शेवटी निघालं काय? आग लावणारा सरकारी पुस्तकभांडारातलाच नोकर होता. पैशांची अफरातफर लपवायला त्यानं हे केलं होतं. एका माणसानं आपला चोरटा हिशेब झाकण्यासाठी काडी लावली आणि गाव एका सज्जन माणसाकडे संशयानं बघत राहिला.

जळालेला भाग पुन्हा उभा केला तो लोकांनी वर्गणी दिली आणि नगरपालिकेनं पैसे घातले म्हणून. पेशव्याचा वाडा दुसऱ्यांदा बांधला तो अशा रीतीनं पुणेकरांनी. पुढे १९३० नंतर नगरपालिकेचाच कारभार इथे आला. १९५० मध्ये तिची महानगरपालिका झाली, तरी कचेऱ्या काही वर्षं इथेच होत्या. मग ती शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेली. वाड्यात पोस्ट होतं, शासकीय ग्रंथालय होतं, वरच्या मजल्यावर जुन्या पुण्याचं प्रदर्शन मांडलं गेलं. तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करून जा, दुरुस्ती चालू असली तर आत सोडत नाहीत.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे पणजोबा नव्वदीचे आहेत. पालकसभेला येतात, काठी टेकत. विश्रामबागेचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, “अहो बाई, मी लहान होतो तेव्हा वडिलांबरोबर घरपट्टी भरायला तिथे जायचो. रांग एवढी मोठी असायची की मी चौकातल्या खांबाला धरून गोल गोल फिरायचो. एकदा शिपायानं कान पिळला.”

“कुठला खांब, आठवतो का?” पणतूनं लगेच विचारलं.

“चौकात शिरल्यावर डाव्या हाताचा,” ते म्हणाले. “पण वर काय कोरलंय ते कधी पाहिलं नाही. काय आहे रे वर?”

“केळफूल!” पणतू म्हणाला.